चित्राखालची बारीक ओळ: एका फोटोग्राफी म्युझियमच्या संग्रहपुस्तकावरच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

आजपासून काम सुरू. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात जॉर्ज ईस्टमन म्युझियम आहे. तिथल्या फोटोसंग्रहावर निघालेलं जाडजूड पुस्तक हा या प्रकल्पाचा आधार. पुस्तकातल्या प्रत्येक चित्राची मराठीत एक नोंद तयार करायची. फोटोग्राफीचा इतिहास शिकणाऱ्या कुणालाही मूळ पुस्तक शेजारी उघडून ती वापरता आली पाहिजे.

तक्त्याचे रकाने ठरवले: फोटोग्राफर, साल, प्रक्रिया, मूळ माप, आणि शेवटी "कुणाकडून आलं". पहिले चार कुठल्याही यादीत असतात. पाचव्याबद्दल मी हट्ट धरणार आहे. चित्राखाली अगदी बारीक टाइपात "अमुक यांची भेट", "पूर्वी तमुक यांच्या संग्रहात" असं छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून पुढच्या चित्रावर जाते. म्युझियमकडे चार लाखांहून जास्त फोटो आणि संबंधित वस्तू आहेत, पुस्तकात त्यातले जेमतेम काहीशे. जे जपलं गेलं ते कुणीतरी मुद्दाम जपलं म्हणून उरलं, आणि तो "कुणीतरी" फक्त या ओळीत भेटतो.

संस्थेची माहिती थोडक्यात लिहून ठेवतो. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांचा ईस्ट अ‍ॅव्हेन्यूवरचा वाडा १९०५ साली पूर्ण झाला. १९३२ मध्ये ते गेले. १९४७ साली त्या वाड्यात म्युझियम स्थापन करण्याचं ठरलं आणि १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ब्यूमाँट न्यूहॉल तिथले पहिले क्युरेटर, पुढे १९५८ ते १९७१ संचालक. पूर्वीचं नाव जॉर्ज ईस्टमन हाउस. आताचं नाव २०१५ पासूनचं.

६ जानेवारी

पहिलं प्रकरण डॅगेरोटाइपचं, म्हणजे चांदीचा थर दिलेल्या पत्र्यावर फोटो उमटवण्याच्या सुरुवातीच्या प्रक्रियेचं. सुरुवातीलाच खुद्द लुई डॅगेर यांचं व्यक्तिचित्र, १८४४ चं, सबातिए-ब्लो यांनी काढलेलं. ज्याने प्रक्रिया शोधली तोच त्या प्रक्रियेत टिपला गेलेला. खालची ओळ सांगते: ईस्टमन कोडॅक कंपनीची भेट, पूर्वी गाब्रिएल क्रोमेर यांच्या संग्रहात.

क्रोमेर हे नाव पुढे पानोपानी येतं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा शोधून वाचलं. हे फ्रेंच संग्राहक स्वतः फोटोग्राफर होते. आपल्या देशात फोटोग्राफीचं स्वतंत्र म्युझियम व्हावं ही त्यांची इच्छा होती. ते १९३४ मध्ये वारले. १९३९ मध्ये कोडॅकने त्यांचा संग्रह विकत घेतला आणि युरोपात युद्धाचा भडका उडण्याच्या काळात तो अमेरिकेत पोचला. फोटोग्राफीच्या जन्माचे इतके फ्रेंच पुरावे रॉचेस्टरमध्ये का, याचं उत्तर एका माणसाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेत आणि एका कंपनीच्या खरेदीत आहे. हे समजल्यावर पहिलं प्रकरण मी पुन्हा सुरुवातीपासून चाळलं. चित्रं तीच होती, पण आता त्यांच्यामागे एक घर दिसायला लागलं, एक कपाट, एक नजर.

९ जानेवारी

डॅगेरोटाइप कागदावर छापताना काय हरवतं, याची स्वतंत्र टीप लिहिली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, त्याला आरशासारखी झिलई, मग आयोडिनची वाफ, कॅमेऱ्यात प्रकाश, नंतर पाऱ्याची वाफ. चित्र उमटतं ते पारा आणि चांदीच्या सूक्ष्म कणांतून. प्लेट हातात धरून थोडी कलली की तेच चित्र उलटं होतं, उजळ भाग काळा आणि काळा भाग उजळ दिसतो, आणि मधल्या एका कोनात बघणाऱ्याला फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. पुस्तकासाठी ती प्लेट एकाच कोनात, एकाच प्रकाशात टिपलेली असते. म्हणून "प्रक्रिया" या रकान्यात नुसतं नाव लिहून मला समाधान होणार नाही. बघणाऱ्याने मूळ वस्तू हातात कशी फिरवली असती तेही एका वाक्यात हवं.

आणखी एक खूण टिपली. या प्लेटवर चित्र आरशातल्यासारखं, डावं-उजवं उलटलेलं येतं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू सहसा उजवीवर येते. इथे बटणांकडे बघा, बाजू उलटी दिसते. (काही जण भिंगापुढे प्रिझम किंवा आरसा बसवून ते सरळ करून घेत, त्यामुळे ही खूण सगळीकडे लागू पडेलच असं नाही.) ही टीप नोंदीच्या प्रस्तावनेत जाईल, कारण एकदा सांगितलं की बघणारा पुढच्या प्रत्येक चित्रात बटणं शोधतो.

१४ जानेवारी

मापांचा दिवस. पुस्तकात बोटभर प्लेट पानभर होते आणि मोठा प्रिंट आक्रसून कोपऱ्यात बसतो. सेंटिमीटरमधले आकडे खाली छापलेले आहेत, पण आकडे डोळ्यांना काही सांगत नाहीत. म्हणून जाड कागदाचे तुकडे कापले. पूर्ण प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, साधारण १६.५ बाय २१.६ सेंटिमीटर. सहावा भाग म्हणजे पावणेतीन बाय सव्वातीन इंच. नववा भाग दोन बाय अडीच. हे तुकडे पानावर ठेवून बघितले की लगेच कळतं, कुठलं चित्र खिशात मावायचं आणि कुठलं टेबलावर उभं राहायचं.

या कसोटीवर साउथवर्थ आणि हॉज यांचं काम एकदम उठून दिसलं. बॉस्टनमधली ही जोडी १८४३ पासून जवळपास वीस वर्षं एकत्र होती. गिऱ्हाइकाला छोटी प्लेट परवडते म्हणून बहुतेक स्टुडिओ छोट्यातच भागवत, हे दोघे मात्र पूर्ण प्लेटवर ठाण मांडून बसलेले. पूर्ण प्लेटचा तुकडा पानावर ठेवला तेव्हा छापलेलं चित्र आणि कागद जवळजवळ सारख्या मापाचे निघाले. म्हणजे या काही पानांवर वाचक प्रत्यक्ष आकाराच्या जवळ असतो. अशा नोंदींवर मी खूण करून ठेवली आहे. पुस्तकात संथपणे थांबायचं असेल तर तिथे थांबावं.

हॉज १९०१ पर्यंत जगले आणि जुन्या प्लेट त्यांनी टाकून दिल्या नाहीत. त्यांचा पुढे विखुरलेला साठा ज्यांनी गोळा केला त्यांत शिकागोचे संग्राहक आल्डन स्कॉट बॉयर होते, आणि बॉयर यांचा संग्रह या म्युझियमला मिळाला. पाचव्या रकान्यात दुसरं मोठं नाव जमा.

२० जानेवारी

कागदी निगेटिव्हचं प्रकरण. टॅल्बट यांचं कॅलोटाइप, पेटंट १८४१ चं. हिल आणि अ‍ॅडमसन यांची जोडी एडिंबरोची. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ साली फूट पडली. त्या प्रसंगाचं भव्य चित्र रंगवायचं म्हणून चित्रकार हिल यांना शेकडो चेहरे हवे होते, आणि ते चटकन टिपण्यासाठी त्यांनी तरुण अ‍ॅडमसन यांना हाताशी धरलं. अ‍ॅडमसन १८४८ च्या जानेवारीत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारले. ते रंगवलेलं चित्र पुरं व्हायला १८६६ उजाडलं. आज त्या चित्राकडे कुणी फारसं वळत नाही. एडिंबरोजवळच्या न्यूहेवनच्या कोळणी आणि कोळी मात्र या कागदांवरून अजून आपल्याकडे बघतात. चार-साडेचार वर्षांत त्या दोघांनी केलेलं काम मला या अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात ऊबदार वाटतं.

दहापट दाखवणारं भिंग घेऊन पान तपासलं. मूळ मिठाच्या कागदावर (मिठाच्या पाण्यात भिजवून मग चांदीच्या क्षाराने प्रकाशाला संवेदनशील केलेल्या कागदावर) चित्र कागदाच्या धाग्यांतच मुरलेलं असतं, त्यामुळे कडा किंचित मऊ होतात. पुस्तकाच्या पानावर भिंगाखाली दिसतात ते छपाईचे ठिपके. अल्ब्युमेन प्रिंटमध्ये अंड्याच्या पांढऱ्याचा थर कागदावर बसतो आणि चित्र त्या थरात असतं, म्हणून त्याला चकाकी. इथे दोन्ही एकाच गुळगुळीत कागदावर, एकाच शाईत. फरक शब्दांनीच भरून काढावा लागणार.

२ फेब्रुवारी

लुइस हाइन. यांच्यासाठी मुद्दाम अख्खा आठवडा राखून ठेवला होता.

१९०८ पासून हाइन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी, काचकारखाने, कालवं सोलण्याच्या शेड पालथ्या घातल्या. मालक आत येऊ देत नसत, तेव्हा कधी तपासनीस, कधी बायबल विकणारा अशी बतावणी करून ते शिरत. मुलाची उंची कळावी म्हणून स्वतःच्या जाकिटाच्या बटणांशी ते ती ताडून बघत आणि खिशात हात घालून टिपणं लिहीत, अशी हकिगत सांगितली जाते. फोटोसोबत टिपण हवंच, हा त्यांचा दंडक. त्यांना ठाऊक होतं की नुसत्या चित्राला कुणीही खोटं म्हणू शकतो.

एक उदाहरण नोंदीत सविस्तर घेतलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हिटनेल इथल्या सूतगिरणीतली मुलगी, डिसेंबर १९०८. चात्यांच्या लांबच लांब रांगेशेजारी उभी. हाइन यांचं टिपण सांगतं: उंची ५१ इंच, गिरणीत एक वर्ष झालं, कधी रात्रपाळी, सूत कातणाऱ्या यंत्रांच्या चार बाजू सांभाळते, दिवसाला ४८ सेंट. वय विचारल्यावर ती घुटमळली, आठवत नाही म्हणाली, आणि मग हळूच सांगितलं की कामाला लागण्याएवढी ती मोठी नाही, तरी करते. पन्नास कामगारांत तिच्याएवढी दहा मुलं.

५१ इंच म्हणजे सव्वाचार फूट. मोजपट्टी भिंतीला लावून तिथे पेन्सिलीची रेघ मारली आणि तिच्याकडे बघत ही नोंद लिहिली. मशीनची उंची, तिच्या खांद्याची उंची, तिचे हात कुठवर पोचत असतील, हे सगळं त्या रेघेवरून समजायला लागतं. फोटोत ती एक सुंदर आकृती होऊन जाण्याचा धोका असतो. दूरवर लहान होत जाणारी मशीनची ओळ, खिडकीचा प्रकाश, सगळं नेटकं आहे. टिपण तसं होऊ देत नाही.

म्हणून तक्त्यात सहावा रकाना वाढवला: "फोटोग्राफरचा स्वतःचा मजकूर". जिथे तो उपलब्ध आहे तिथे चित्राच्या नोंदीत तो आलाच पाहिजे. संग्रहपुस्तकांची रीत अशी की नाव, साल, माप दिलं की झालं. हाइन यांच्या बाबतीत ते अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

५ फेब्रुवारी

हाइन पुढे चालू, आता त्यांचं सामान इथे कसं पोचलं त्याबद्दल. १९२० चा तो प्रसिद्ध मेकॅनिक, मोठा पाना घेऊन वाकलेला, आणि १९३०-३१ मधली एम्पायर स्टेट बिल्डिंगची लोखंडी कामं, हे सगळं नावाजलं गेलं खरं, पण उतारवयात हाइन यांना काम मिळेनासं झालं. नोव्हेंबर १९४० मध्ये ते गेले तेव्हा परिस्थिती हलाखीची होती. प्रिंट आणि निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या फोटो लीगकडे आल्या. ही फोटोग्राफरांची सहकारी संघटना. १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्या काळ्या यादीत तिचं नाव आलं आणि १९५१ मध्ये ती मोडली. त्यानंतर हाइन यांचं काम ईस्टमनच्या वाड्यात आलं.

बालमजुरीविरुद्ध लढलेल्या माणसाचं आयुष्यभराचं काम, काळ्या यादीत टाकलेल्या संघटनेच्या हातून, एका उद्योगपतीच्या घरात. पाचव्या रकान्यात याची एक ओळ होते. त्या ओळीला मी अर्धं पान तळटीप जोडली आहे आणि ती कापायला सांगितली तरी कापणार नाही.

११ फेब्रुवारी

१८८८ चे कोडॅक कॅमेरे. पंचवीस डॉलरचा खोका, आत शंभर फोटोंचा रोल, संपला की खोक्यासकट कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलरमध्ये धुऊन, छापून, नवा रोल भरून परत. चित्रं गोल, अडीच इंच व्यासाची. समुद्रकिनारे, बोटी, हसणारी भावंडं. बहुतेकांपुढे फोटोग्राफरचं नाव नाही. पहिल्या रकान्यात "अज्ञात" लिहीत गेलो. इथे पाचवा रकाना जास्त बोलका, कारण नाव नसलेल्या माणसाचा फोटो राखून ठेवणारं कुणीतरी होतं.

१९ फेब्रुवारी

रंग. ऑटोक्रोमची पेटंट नोंद १९०३ ची, बाजारात १९०७ मध्ये आलं, ल्युमिएर बंधूंचं. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म दाणे नारिंगी-लाल, हिरवे आणि निळे-जांभळे रंगवून काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीने बुजवायच्या आणि वर फोटोचा थर द्यायचा. ही काच उजेडासमोर धरून बघायची वस्तू आहे. पानावर रंग आहेत, पण मागून येणारा उजेड नाही. भिंग लावून स्टार्चचे दाणे शोधले. छपाईचे ठिपके त्यांना गिळून टाकतात.

निकोलस म्युरे यांच्या कार्ब्रो प्रिंटशी आल्यावर मात्र खरी गंमत कळली. मूळचे हंगेरीचे, न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले. मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलो यांची त्यांनी काढलेली रंगीत चित्रं सगळ्यांना माहीत असतात. जाहिराती आणि मासिकांसाठीचं त्यांचं काम त्याहून कितीतरी मोठं. कार्ब्रोसाठी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन वेगळ्या निगेटिव्ह घ्यायच्या. प्रत्येकीवरून एक प्रिंट, त्यावरून रंगद्रव्याचा एकेक थर: निळसर, किरमिजी, पिवळा. हे तीन थर एकावर एक तंतोतंत जुळवून बसवायचे. जरा सरकला की कडेला रंगाची झालर. काम तासन्‌तासांचं, पण रंग शाईसारखे भक्कम आणि टिकाऊ.

आणि पुस्तक छापणारा प्रेसही निळसर, किरमिजी, पिवळा याच तीन शाया वापरतो, वर काळी. म्हणजे या संग्रहातल्या सगळ्या प्रक्रियांमध्ये छापील पानाच्या सगळ्यात जवळची नातेवाईक कार्ब्रो. मासिकवाल्यांना म्युरे का हवेहवेसे वाटत असतील, ते या पानांवर आपोआप उलगडतं. नोंदीत स्पष्ट लिहिलं: रंगाचा अंदाज घ्यायचा असेल तर छापील कार्ब्रोवर बराच विश्वास ठेवावा, छापील ऑटोक्रोमवर कमी.

२७ फेब्रुवारी

आल्विन लँगडन कोबर्न. जन्म बॉस्टनचा, १८८२. अखेर वेल्समध्ये, १९६६. त्यांनी मृत्युपत्राने आपलं काम या म्युझियमला दिलं. उंच मनोऱ्यावरून खाली टिपलेला न्यूयॉर्कचा बर्फातला मॅडिसन स्क्वेअर, वाटा ऑक्टोपसच्या पायांसारख्या पसरलेल्या; आणि १९१७ चे व्होर्टोग्राफ, तीन आरसे त्रिकोणात जोडून त्यातून घेतलेले स्फटिकांसारखे आकार. वस्तू काय आहे हे ओळखू येऊ नये असा फोटो तेव्हा जवळपास कुणी काढत नव्हतं. नोंदी झटपट झाल्या, माहिती भरपूर आहे.

६ मार्च

तक्ता आज कालक्रमाने न लावता पाचव्या रकान्यावरून लावून पाहिला. पुस्तक १८३९ पासून आजपर्यंत सरळ रेषेत चालतं. माझा तक्ता आता फ्रान्सच्या क्रोमेर यांच्यापासून सुरू होतो, शिकागोच्या बॉयर यांच्याकडे जातो, न्यूयॉर्कच्या फोटो लीगवर येतो, मग कोबर्न यांचं मृत्युपत्र. संग्रहाचा भूगोल हा देणाऱ्यांचा भूगोल आहे, हे इतक्या उघडपणे आजवर जाणवलं नव्हतं. पुस्तकाला जगाचा इतिहास म्हणून वाचणाऱ्याला त्यात फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका दाट आणि बाकी जग विरळ दिसेल. त्याचा अर्थ बाकी जगात कॅमेरे नव्हते असा अजिबात नाही. तिथल्या क्रोमेर-बॉयर यांच्यासारख्या संग्राहकांच्या वाटा रॉचेस्टरला पोचल्या नाहीत, एवढाच. प्रस्तावनेत हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घेणार.

१३ मार्च

म्युझियम नुसतं गोळा करत नव्हतं, घडवतही होतं, याची नोंद राहिली होती. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम जेन्किन्स यांनी इथेच "न्यू टोपोग्राफिक्स" हे प्रदर्शन लावलं. त्यातले फोटोग्राफर: रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुइस बाल्ट्झ, बेर्न्ड आणि हिला बेखर, जो डील, फ्रँक गोल्की, निकोलस निक्सन, जॉन शॉट, स्टीफन शोर, हेन्री वेसल. नव्या वसाहती, गोदामं, वाहनतळ, कोळशाच्या खाणींचे मनोरे. रंगीत काम एकट्या शोर यांचं. त्या वेळी अनेकांना ते रुक्ष वाटलं. आज निसर्गचित्राबद्दल बोलताना त्या भिंती टाळून पुढे जाता येत नाही. माणसाने बदललेली जमीन हाही निसर्गदृश्याचा विषय आहे, हे ज्या ठामपणे त्यांनी मांडलं त्याबद्दल मला फार आदर आहे. या नोंदींत पाचवा रकाना वेगळ्या रंगात ठेवला: इथे चित्रं प्रदर्शनाच्या निमित्ताने एकत्र आली, कुणाच्या कपाटातून आलेली नाहीत.

२० मार्च

फोटोंचा भाग तपासून झाला. हाइन यांच्या नोंदी अभ्यासगटातल्या दोघांना वाचायला दिल्या. दोघांनीही मापांचे कागदी तुकडे मागितले, म्हणून प्रत्येक मापाचा एक नमुना नोंदींच्या शेवटी छापायचा ठरवला, कापून घेता येईल असा. पुढचा हप्ता कॅमेऱ्यांचा. म्युझियमकडे कॅमेरे आणि उपकरणांचा स्वतंत्र मोठा संग्रह आहे. प्रत्येक प्रक्रियेसमोर ती ज्या प्रकारच्या कॅमेऱ्यातून निघाली तो मांडायचा. सुरुवात १८८८ च्या कोडॅकपासून.